टेबलाखालचा डबा

काकूंनी आईचा डबा उचलून खाली ठेवला आणि पायाने टेबलाखाली सरकवला. पायाने. मी समोरच उभी होते.

कापणीच्या सणाचा रविवार. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी उपासना झाली की पटांगणात मंडप टाकून लिलाव होतो. ज्याने जे पिकवलं, रांधलं, ते देवाला आणायचं. मंडळी बोली लावून ते घेतात आणि पैसा चर्चला जातो. संत्री, कोंबड्या, केक, लोणची, सगळं. आईने सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणली होती. पहाटे उठून तळलेली. डबाही नवा, इतवारी बाजारातून खास आणलेला.

सेक्रेटरी साहेब बोली पुकारत होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, एकेक वस्तू पुढे देत होत्या. संत्री गेली. काकूंचा स्वतःचा केक चढत चढत गेला. आईचा डबा काही वर येईना. वाकून पाहिलं, तर टेबलाखाली आणखी दोन डबे. दोन्ही आमच्याच वस्तीतले.

आमची वस्ती सफाई कामगारांची. आजी रस्ते झाडायची, तिच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो. काकूंचं घराणं त्याच्या कितीतरी आधी. त्यांचे पणजोबा शास्त्री होते, हे त्या दर नाताळला सांगतात. जात सोडून आलो म्हणतात. सोडली, तर तिची आठवण इतक्या प्रेमाने का काढतात?

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. घराण्यातली पहिली. मी डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"काकू, हा राहिला."

"तो वेगळा ठेवलाय गं. फाटकावर गरीब बसतात ना, त्यांना वाटू."

"लिलावाला दिलाय."

"तेलकट आहे. कोण घेणार?"

"बोली तर लावा. कोणी नाही घेतलं तर आम्ही घरी नेऊ. पण टेबलाखाली काहून?"

चिडले की माझी घरची बोली बाहेर येते. मागून कोणीतरी म्हणालं, "ग्रॅज्युएट झाली ना बाप्पा!" सगळे हसले. सेक्रेटरी साहेबांनी पुढची कोंबडी पुकारली. डबा आम्ही घरी आणला. आईने वड्या शेजारी वाटल्या. एकही स्वतः खाल्ली नाही.

दोन-तीन दिवसांनी पाद्रीसाहेब घरी आले. सोबत सेक्रेटरी साहेब. आईने चहाचं विचारलं. "आत्ताच झाला." आमच्या गल्लीत येताना यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो.

पाद्रीसाहेब मऊ बोलतात. त्या मऊपणाची मला आता भीती वाटते.

"बेटा, रविवारी प्रभुभोजन आहे. भाकर आणि प्याला घेण्याआधी आपण स्वतःला तपासतो. तुझ्या मनात गर्व आला. मंडळीसमोर उभी राहा आणि एवढंच म्हण, मी गर्वाने बोलले, काकूंची क्षमा मागते. मग सगळे विसरतील."

"काकूपण उभ्या राहणार का?"

"दुसऱ्याचं पाप पाहू नये. आपल्या आत पाहावं."

सेक्रेटरी साहेब म्हणाले, "नाहीतर कमिटीला तुमच्या घराच्या सभासदत्वाचा विचार करावा लागेल." हे ते आईकडे पाहून म्हणाले. माझ्याकडे नाही.

बाण बरोबर लागला. बाबा चर्चच्या कब्रस्तानात आहेत. त्यांच्या शेजारची जागा आपली, असं आई धरून चालली आहे. सभासदत्व गेलं की ती माती गेली.

ते गेल्यावर आई म्हणाली, "बोलून टाक ना वं. मले तुह्या बापाजवळ जाऊ दे."

"मी काय चुकली ते सांग."

"चुकली नाहीस. तरी बोल. आपल्याले या लोकायच्यातच मरायचं हाय."

त्या आठवड्यात मला पश्चात्ताप या शब्दाचाच संशय येऊ लागला. आठवून पाहिलं, मंडळीसमोर आजवर कोण कोण उभं राहिलं? दारू पिणारा आमच्या वस्तीतला. पळून लग्न केलेली आमच्या वस्तीतली. जुन्या घराण्यांच्या पुढच्या बाकांवरून उठलेलं मला कोणी आठवेना. तिकडे पापच होत नाही? की तिथलं पाप हळूच, घरच्या घरी माफ होतं?

पण सगळ्यांवर संशय घ्यायचा, तर स्वतःला का सोडायचं? म्हणून मीही आत पाहिलं. पाद्रीसाहेब सांगतात म्हणून नाही. मला गर्व होता का? होता. बी.ए.चा आहे. आजही आहे. त्याची मी क्षमा मागणार नाही. आईने घरोघरी घासलेल्या भांड्यांवर मी शिकले, तो गर्व माझा एकटीचा नाहीच.

मग खाली दुसरं काहीतरी सापडलं. ते गर्वाच्या उलट होतं.

रविवारी पाद्रीसाहेबांनी मान हलवून खूण केली. मी उभी राहिले. काकू पुढच्या बाकावर हात जोडून बसल्या होत्या, क्षमा करायला तयार.

मी म्हणाले, "काकूंनी माझ्या आईचा डबा पायाने टेबलाखाली सरकवला, तेव्हा एक क्षण मला वाटलं, आईने हा आणलाच नसता तर बरं झालं असतं. मला माझ्या आईची लाज वाटली. हे माझं पाप. देवाजवळ आणि आईजवळ मी क्षमा मागते. जे माझं नाही, ते मी कबूल करणार नाही."

"आणि काकूंची?" सेक्रेटरी साहेब जागेवरूनच.

"त्यांचं त्यांनी पाहावं. आत."

मी बसले. आईने माझा हात पकडला. मला वाटलं, रागावली. ती कानाशी बोलली, "मले माहीत होतं वं. तवाच दिसलं होतं तुह्या तोंडावर."

आईला माहीत होतं. इतके दिवस. आणि तरी तिने मला त्यासाठी कोणासमोर उभं केलं नव्हतं.

प्याल्यांचं ताट घेऊन सेक्रेटरी साहेब रांगेत आले. आईसमोर थांबले. आईने प्याला घेतला. मी तिला दोष देत नाही. ताट माझ्यासमोरून न थांबता पुढच्या माणसाकडे गेलं. पाद्रीसाहेब खाली पाहत होते.

हितचिंतक सांगतात, दुसऱ्या चर्चमध्ये जा, शहरात काय कमी आहेत? जाणार नाही. दर प्रभुभोजनाला येईन आणि आईशेजारी बसेन. मला ओलांडायचं, तर दर वेळी ओलांडा, स्वतःच्या पायाने, सगळ्या मंडळीदेखत. मी मान खाली घालणार नाही. आणि आईची वेळ येईल त्या दिवशी कब्रस्तानाला कुलूप घातलंत, तर ते मी उघडायला लावीन. क्षमा मागून नाही.