शकुनबाईचं नाक

शकुनबाईचं नाक डावीकडे वाकलेलं होतं, आणि मोहाडीच्या आठवडी बाजारात तिची खूण सांगायची तर लोक तेवढीच सांगत. "ते वाकडनाकी बांगडीवाली, निंबाखाली बसते." लहानपणी गोठ्यात गोऱ्ह्यानं मान झटकली, शिंग नाकावर बसलं. आईनं हळद लावून प्रकरण मिटवलं. हाड जुळलं, पण वाकडंच.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिनं जाहीर केलं, की ऑपरेशन करून नाक सरळ करून घेणार. पैसे तिचे स्वतःचे, बांगड्यांच्या धंद्यातले.

नवरा भैय्यालाल धानाच्या बांधीवरून येऊन चिखलाचे पाय धूत होता. तो हसलाच. "अवं, पोरीच्या लग्नाचं पाहू, का तुह्या लग्नाचं? आता कोणाले दाखवाचं हाये नाक?"

"मले," शकुनबाई म्हणाली. "रोज आरसा पुसते मी. पाहाले कधी घेत नाही."

हे खरं होतं. तिच्या दुकानात एक आरसा टांगलेला असे, पण त्याचं तोंड कायम गिऱ्हाइकाकडे. चुकून स्वतःकडे वळला तर ती लगेच फिरवून ठेवी.

शेजारच्या मंगलाबाईनं समजूत घातली, "मन सुंदर पाहिजे माणसाचं." असं सांगणाऱ्यांची नाकं बहुधा सरळ असतात. शकुनबाईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मुलीला, खुशबूला, घेऊन भंडाऱ्याची बस पकडली.

खुशबूनं कॉलेजातल्या मैत्रिणीकडून एका ब्यूटी पार्लरचा पत्ता काढला होता. तिथल्या बाईनं मोबाइलवर फोटो दाखवले. "एक इंजेक्शन, आंटी. अर्ध्या तासात नाक सरळ."

"आत काय टाकता? बिघडलं त काढता येते का?"

"काही बिघडत नाही, आंटी."

शकुनबाई उठली, चपला घातल्या आणि थेट रस्त्यावर आली. खुशबू चिडली. "काहून उठली वं माय? किती मुश्किलीनं नंबर लावला होता!"

"तिनं नाकाले हात तरी लावला काय?"

तिचा हिशोब साधा होता. बांगडी चढवायच्या आधी ती गिऱ्हाइकाचा पंजा हातात घेऊन चेपते. अंगठ्याखालचं हाड कितपत दबतं ते पाहते. हात कडक असला तर "हे माप तुले नाही चढत" असं तोंडावर सांगते, मग गिऱ्हाईक रुसो की दुसऱ्या दुकानात जावो. न चेपता माप सांगणाऱ्या बाईच्या हातून काच फुटते, आणि रक्त दुसऱ्याचं निघतं.

नागपूरच्या डॉक्टरचं नाव तालुक्याच्या डॉक्टरांनी सुचवलं. ते प्लास्टिक सर्जनच आहेत ना, याची खातरजमा खुशबूनं केली. त्यांनी आधी दोन्ही अंगठ्यांनी नाकाचं हाड चाचपलं, आत उजेड टाकून पाहिलं, एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावला. मग विचारलं, "कोणासारखं नाक हवंय?"

"माह्यंच पाहिजे. फक्त सरळ."

"अगदी सरळ होईल याची हमी देत नाही. थोडा बाक राहील. सूज पुरती जायला वर्ष लागेल. एखाद्या वेळी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं."

शकुनबाईनं आपले प्रश्न काढले. भूल कोण देणार? आजवर किती नाकं केली? त्यातलं एखादं बिघडलं का, अन् मग काय केलं? घरी गेल्यावर रक्त आलं तर मोहाडीत कोणाकडे धावायचं? डॉक्टरांनी एकाही प्रश्नाला तोंड वाकडं केलं नाही. वर म्हणाले, "आज हो म्हणू नका. घरी जाऊन विचार करा." तिथेच तिचं मन बसलं.

ती निघता निघता त्यांनी बीपी, साखर, चालू गोळ्या विचारल्या. "तंबाखू खाता का? खरं सांगा. तंबाखूनं जखम भरत नाही, नाकावरची कातडी काळी पडून मरू शकते."

"नाही जी," शकुनबाई म्हणाली, अगदी मनापासून.

आपल्याकडे खर्रा खाणारा माणूस तंबाखू खातो असं कोणी म्हणतच नाही. खर्रा म्हणजे खर्रा. चहासारखा.

विचार करून तिनं होकार कळवला. धानाचा रोवणा उरकला की ऑपरेशन, असं ठरलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती नेहमीसारखी सुखरामच्या पानठेल्यावर गेली. "सुखराम, एक खर्रा घोट. अन् तंबाखू जरा जास्त टाक गा."

बोलली आणि तिथेच थिजली. सुखराम प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, चुना, तंबाखू घोटत होता. "काय झालं मावशी? चुना जास्त झाला काय?"

"राहू दे."

भैय्यालालनं घरी तोड काढली. "सांगतेस कायले? दोन दिवस खाऊ नोको, झालं. नाही त तारीख जाईन."

शकुनबाईनं फोन लावला. "डॉक्टरसाहेब, मी तुमच्याशी खोटी बोलली. तवा मले ते खोटं वाटलं नव्हतं. खर्रा खाते मी. दिवसभर."

डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत सांगितलं. महिनाभर आधी पूर्ण बंद, आणि नंतरही. तोवर मी हात लावणार नाही."

तारीख गेली. बाजारात पैजा लागल्या: वाकडनाकी खर्रा सोडते की नाक. तिचं डोकं दुखे, हातातल्या बांगड्या फुटत, गिऱ्हाइकांवर ती खेकसे. तोंडात भाजलेले जवस. भैय्यालालला खर्रा खायचा तर गोठ्यात जाऊन, असा हुकूम निघाला. एकदा बारशाच्या मंडपात, पाहुण्यांच्या आग्रहाला भुलून, तिनं खर्र्याचा एक बार भरलाच. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून तारीख आणखी पुढे ढकलवली. विचारायला कोणी आलं नव्हतं. असं करणारी माणसं बोटांवर मोजावी.

शेवटी ऑपरेशन झालं, धान कापणीला आल्यावर. डोळ्यांभोवती काळंनिळं घेऊन ती घरी आली, तेव्हा मंगलाबाई दारातूनच ओरडली, "अगं बाई, भैय्यालालनं मारलं काय?" बिचारा भैय्यालाल आठवडाभर चौकात फिरकला नाही.

धूळ आणि ऊन टाळायचं म्हणून दुकान खुशबूनं सांभाळलं. मग एका बाजाराला शकुनबाई पुन्हा निंबाखाली बसली. नाक सरळ, डावीकडे डॉक्टरांनी आधीच सांगितलेला इवलासा बाक. पैज हरलेल्या सुखरामनं फुकटचा खर्रा पुढे केला. तिनं तो परत त्याच्याच खिशात घातला.

दिघोरीची एक पोरगी हिरव्या बांगड्या भरून हात वर करून बसली होती. "मावशी, आरसा इकडं फिरवा ना. मले दिसूनच नाही राहिलं."

"थांब वं," शकुनबाई आरशातून नजर न काढता म्हणाली. "माह्यं होऊ दे आधी."