तेवीस जणांचा फोटो

एका फोटोत तेवीस माणसं असली की त्यातल्या एकाचे तरी डोळे मिटलेले असतात, हे सायकालला आता पाढ्यासारखं पाठ झालं होतं. नारिनच्या बाजारात, बसथांब्याला लागून, तिचं दोन खोल्यांचं फोटोचं दुकान होतं. त्याआधी तिनं बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. मूर्खपणा सोसायची सवय तिला तिथेच लागली; पण शाळेत निदान तास संपल्याची घंटा तरी व्हायची.

शनिवारी तेमिरकुल अतांच्या ऐंशीव्या वर्षाचा तॉय होता, म्हणजे गावजेवणच. तीनशे पाहुणे, एक घोडा कापायचा, आणि सभागृहाच्या भिंतीवर तीन मीटर रुंद कापडावर छापलेलं सगळं घराणं. फोटो शरदात बागेत काढला होता, एकोणीस वेळा, आणि एकोणिसांतला एकही धड नव्हता. सातव्यात अता राजासारखे बसलेले, तर थोरला मुलगा सापार झोपलेला. अकराव्यात सापार जागा, तर अतांची काल्पाक टोपी कानावर आलेली आणि थोरल्या मुलीच्या तोंडात तळलेल्या पिठाचा आख्खा बोरसोक. सायकालनं सातवा घेतला, त्यात अकराव्यातले सापारचे डोळे बसवले, मुलीचं तोंड तिसऱ्यातून आणलं. एकोणीस फोटोंत ऊन सरकलं होतं, त्यामुळे प्रत्येकाच्या नाकाची सावली वेगळ्या बाजूला. चार दिवस गेले. कापड छापणाऱ्याला फोटो शुक्रवारी दुपारी बाराला हवा होता.

बुधवारी मोठी सून बातमा आली. दुसऱ्या मुलाच्या, कुबातच्या बायकोवर बोट ठेवून म्हणाली, "सायकाल एजे, एवढं एकच राहिलंय बघा. ही काढायची."

"काढायची म्हणजे?"

"म्हणजे पुसायची. कुबात शनिवारी त्या बिश्केकवालीला घेऊन येणार. भिंतीवर ही आणि खाली ती? लोक जेवतील का बघत बसतील?"

कुबातनं बिश्केकमध्ये दुसरी बाई केली आणि आयझादा पोराला घेऊन कोचकोरला माहेरी निघून गेली, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पण फोटोत ती बायकांच्या ओळीत उभी होती, दोन वर्षांचा मुलगा कडेवर घेऊन.

"आणि पोराचं काय?"

"पोर राहू दे. पोर आमचं आहे."

"हवेत राहू दे? अगं, तिचा हात त्याच्या पोटावरून गेलाय. हात पुसला की पोट जातं. एकोणीसच्या एकोणीस फोटोंत हात तिथेच आहे. ते पोट मी कुठून आणू?"

"त्या यंत्रात सगळं होतं म्हणतात की."

हे वाक्य ऐकलं की सायकालचं डोकं उठायचं. फोटो काढताना कुणी स्थिर बसणार नाही, आणि नंतर यंत्रात सगळं होतं!

गुरुवारी फोनचा ताप. सापारला पोट कमी हवं. धाकटीला निळ्याऐवजी लाल कोट हवा. आणि खुद्द कुबातचा फोन आला. "एजे, तिला काढताच आहात तर त्या जागी दुसरी लावता येईल का? फोटो पाठवतो." सायकालनं फोन ठेवला.

दिवसभर खपून तिनं आयझादाला पुसलं. पोराच्या कोटावर पाच बोटं तेवढी उरली, कुणाचीच नसलेली. ती पुसून कोट हातानं रंगवला, तर पोर पिठाच्या पोत्यासारखं दिसू लागलं. हे काम घेतलं कशाला, म्हणून सायकाल स्वतःवरच चरफडली.

शुक्रवारी सकाळी नऊला उलकान आपा स्वतः आल्या, अतांच्या बायको. काठीनं बुटांवरचं बर्फ झटकून त्या पासपोर्ट-फोटोच्या स्टुलावर बसल्या. "दाखव."

त्या पडद्याजवळ वाकल्या. "हे कुणी सांगितलं?"

"बातमानं."

"बातमाला सासू आहे, हे ठाऊक आहे ना तुला?"

"आहे, आपा."

"मग आयझादाला परत आण. आणि कुबातला काढ."

सायकालनं कपाळाला हात लावला. "आपा, ती येईल, जुनं ठेवलंय मी. पण त्याच्या मागे तुमचा नातू उभा आहे. कुबात गेला तर नातवाला कमरेखाली काही उरत नाही. पाय कुठून आणू? सगळे माझ्याकडे अवयव मागायला येता!"

आपांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. "कुबात बसलाय कुठे?"

"सापारच्या शेजारी. दुसरा."

"मग काढू नकोस, सरकव. त्याच्या जागी तिसरा आण, तिसऱ्याच्या जागी चौथा. आणि याला टोकाला बसव. जावयांच्याही पलीकडे."

हिशेब बरोबर होता. जागा भरलेली राहत होती, नातवाचे पाय झाकलेले राहत होते. पण नारिनमध्ये तोंडावर शिवी दिलेली एक वेळ विसरतात, पंगतीत दाराकडे सरकवलेलं विसरत नाहीत.

"आपा, लोकांना एका नजरेत कळेल."

"कळावं म्हणूनच तीनशे बोलावलेत. आणि सून माझ्या मागे आण. अगदी मागे, पोरासकट."

मग त्यांनी खिशातून आयझादाचा नंबर लिहिलेला कागद काढला. "झालं की तिला पाठव."

"काय लिहू?"

"काही नको. जागा दिसतेय ना? तीन वेळा माणूस पाठवला, आली नाही. उद्याही आली नाही तर त्या भिंतीखाली मी एकटीच बसेन, सगळ्यांनी बघावं म्हणून."

तीन तासांत सहा पुरुष एकेक जागा सरकवायचे म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. प्रत्येकाची सावली शेजाऱ्याच्या गुडघ्यावर राहून गेली होती. बातमाचे सात फोन आले. सायकालनं एकही उचलला नाही. बाराला चार मिनिटं कमी असताना फोटो छापायला गेला, आणि तोच फोनवरून कोचकोरला. आयझादानं तो पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

शनिवारी पाहुणे आत यायचे, भिंतीकडे बघायचे आणि मग वळून कुबातला शोधायचे. कुबात एकटाच आला होता. सापार तेवढा फोटोपुढे उभा राहून बातमाला विचारत होता, "माझे डोळे असे आहेत का गं?" बातमा सायकालकडे बघायलाही तयार नव्हती, ते एक बरं झालं. आपांची नजर दारावर होती. कोचकोरच्या वाटेवर दोलोन घाटात बर्फ पडतंय, गाड्या अडल्यात, असं कुणीतरी म्हणालं.

मांस आणायची वेळ झाली तेव्हा आयझादा आली. शाल ओली, पोर खांद्यावर. आपा उठल्या नाहीत, हाकही मारली नाही. फक्त आपल्या झग्याचा घेर बाजूला ओढून घेतला. आयझादा त्या जागेत बसली.

हात धुवायला पाणी घालणं हे घरातल्या लहानांचं काम. आज झारी घेऊन चाळिशीतला कुबात फिरत होता; कुणी सांगितलं होतं ते विचारायची गरज नव्हती. सायकालच्या हातावर पाणी घालताना तो पुटपुटला, "तुम्ही केलंत ना हे?"

"मी नुसतं सरकवलं. टॉवेल दे."

मग आपा, आणि आपांनंतर आयझादा. तो झारी वाकवून उभा राहिला. सायकालला कडकडून भूक लागली होती, मांस निवत होतं. पण आयझादानं आधी पोराला मांडीवर बसवलं. त्याची टोपी काढली. कोटाची बटणं सोडली, एकेक करून, चारही. त्याचं नाक पुसलं. कुबात तसाच वाकून उभा. मग तिनं हात पुढे केले.