पहिला चहा उभ्यानं

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून नवाकोरा काळा कोट घालून मी कोर्टात गेले. कोर्टामागच्या पत्र्याच्या खोलीत दलित वकिलांच्या संघटनेची सभा होती. आत सगळे वकील चहा घेत उभे. खुर्च्या मात्र रिकाम्या!

एक म्हातारे वकील पुढे आले. त्यांनी खिशातून रुमाल काढून एक खुर्ची झटकली, तोच रुमाल मानेवरून फिरवला आणि म्हणाले, "बस गं."

मोठी माणसं उभी असताना मी कशी बसणार? "नको काका, ठीक आहे."

"ठीक कसं? आमच्या वेळी वकिलांच्या खोलीत प्रत्येक खुर्ची कुणाची तरी असायची, आमची एकही नाही. मग चहाच्या टपरीवर उभ्याउभ्याच आम्ही ही संघटना काढली. तेव्हापासून इथे पहिला चहा उभ्यानं आणि पहिली खुर्ची नव्या माणसाला. तू बसल्याशिवाय कुणी बसत नाही."

तरी मी घुटमळले. ते खो खो हसले. "बस की लवकर! एवढी वर्षं उभा राहिलोय, आता गुडघे बोंब मारतात."

हशा पिकला आणि मी बसले.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या सभेआधीच वकिली आटोपून ते कायमचे गावी गेले होते. त्या सभेला एक नवा वकील आला. लाजत उभाच. मी पुढे झाले, खुर्ची झटकली आणि म्हटलं, "बस रे लवकर, माझे गुडघे दुखतायत."

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते.