पाचाची शेपटी

मी आयुष्यभर हिशेबतपासणी शिकवली, पण एकाही दुकानाचा हिशेब कधी तपासला नाही. आमच्या कॉलेजात यात कोणाला काही वावगं वाटत नसे. ज्याला खरोखर हिशेब तपासता येई तो सी.ए. होऊन बंगला बांधी, आणि उरलेले आम्ही, हिशेब कसा तपासावा ते शिकवत असू.

माझं सगळ्यात रंगणारं लेक्चर तेरजेवरचं. वहीतल्या सगळ्या खात्यांच्या बाक्या घ्यायच्या, जमेच्या एका बाजूला, नाव्याच्या दुसऱ्या बाजूला, आणि खाली दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. जुळलं म्हणजे बरोबर, असं मुलांना वाटायचं. मग मी खडू खाली ठेवून विचारायचो, "आणि एखादा व्यवहार वहीत लिहिलाच नसेल तर?" मुलं वहीत डोकं घालायची. "तरीही जुळतं!" असं म्हणून मी हात झटकायचो, जसा काही हा शोध मीच लावला होता.

सत्तर सालानंतरच्या काळात आमच्याकडे रीडरची, म्हणजे लेक्चररच्या वरची, जागा निघायची होती. पीएच.डी. असेल त्यालाच ती मिळणार होती. बायको म्हणाली, "अहो, एवढे लोक करतात, तुम्हालाच काय धाड भरली आहे?" मी विषय घेतला, लहान व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती आणि आयकर. प्रबंध मराठीतून लिहायचा असा हट्टही धरला, कारण माझं इंग्रजी मार्गदर्शकांना माहीत होतं.

प्रश्नावली सायक्लोस्टाइल करून घेतली आणि इतवारीतल्या एका गल्लीत सायकल घातली. उन्हाळ्याची सुट्टी होती. नागपुरात मे महिन्यात दुपारी बारानंतर कुत्रंही रस्ता ओलांडत नाही, पण संशोधकाला तेवढी अक्कल नसते. प्रत्येक शेठ मला गादीवर बसवी, चहा पाजी आणि सांगे, "प्रोफेसरसाब, कागज मुनीमजी के पास छोड दो." तीन चकरा झाल्या, एकही कागद भरून मिळाला नाही. आपण इन्कम टॅक्सचे वाटतो आहोत, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

चौथ्या चकरेला चमत्कार झाला. गल्लीतल्या एकवीस दुकानांच्या एकवीस प्रश्नावल्या सह्यांसकट भरून तयार होत्या. त्यात सतरावा प्रश्न मी भीत भीत घातला होता : वहीत न येणारी विक्री साधारण किती असते? एकवीसही व्यापाऱ्यांनी त्याचं बिनधास्त उत्तर दिलं होतं. शहराच्या इतर भागांतून आलेल्या कागदांवर तिथे नुसती आडवी रेघ होती. मी हरखून गेलो. या एकवीस कागदांवर मी दोन वर्षं काम केलं, तीन प्रकरणं लिहिली, आणि 'व्यापाऱ्यांचा विश्वास संपादन करण्याचे तंत्र' असा एक परिच्छेदही जोडला. तो आठवला की अजून कान गरम होतात.

टंकलेखकाकडे द्यायच्या आधी कोष्टकं शेवटची ताडून पाहत होतो, तेव्हा मला तो पाच दिसला. त्याची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळली होती. दुसऱ्या कागदावर तशीच. तिसऱ्यावर हिरवी शाई, अक्षर तिरपं, पण शेपटी तीच. एकवीस कागद, चार रंगांच्या शाया, एक पेन्सिल, आणि एकच पाच. बनावट पावती ओळखायला आकड्यांचं वळण बघा, असं मी दरवर्षी मुलांना सांगत आलो होतो. मला स्वतःला ते बघायला दोन वर्षं लागली.

मी तडक गल्लीत गेलो. सगळे शेठ ज्याच्याकडे कागद ठेवायला सांगत, तो मुनीमजी म्हणजे पारशिवनीकडचा एक वाळका, पन्नाशीचा माणूस. कोपऱ्यात पेटीसमोर मांडी घालून बसलेला असायचा. मी कागद त्याच्यापुढे टाकले. तो जरासुद्धा दचकला नाही.

"मीच भरले जी," तो म्हणाला. "शेठलोकायले वाटलं, तुम्ही इन्कम टॅक्सवाले. कोणी हात लावाले तयार नाही. तुम्ही बापा एवढ्या तपनीत सायकलीनं येऊन राहिले होते. मले पाहवलं नाही."

"पण ही उत्तरं?"

"उत्तरं खरी आहेत. या गल्लीतल्या एकवीसही दुकानांच्या वह्या मीच लिहितो. शेठनं भरलं असतं तर खोटं भरलं असतं, तुमचं काम खराब झालं असतं."

"मग वेगवेगळ्या शाया काहून वापरल्या?" रागाच्या भरात मीही त्याच्यासारखाच बोललो.

तो थोडा लाजला. "ते काय आहे जी, सवय आहे."

म्हणजे व्यापाऱ्यांच्या आयकर विवरणपत्रांवर सह्या खऱ्या होत्या आणि आकडे खोटे, तर माझ्याकडे आकडे खरे होते आणि सह्या खोट्या. हे कागद काढून टाकले तर प्रबंधात फक्त आडव्या रेघा उरत होत्या, आणि रीडरची मुलाखत सहा महिन्यांवर आली होती. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी मार्गदर्शकांच्या रामदासपेठेतल्या घरी गेलो. त्यांनी माझ्या प्रामाणिक परिश्रमांचं कौतुक केलं. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "उत्तरांत विलक्षण सुसंगती आहे." मी नम्रपणे मान खाली घातली. मी डॉक्टर झालो, रीडर झालो, आणि बायकोने शेजारीपाजारी संत्राबर्फी वाटली.

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मी मुनीमजीकडे गेलो. का गेलो, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक शाबासकी हवी होती. त्याने हात धोतराला पुसले, प्रत मांडीवर घेतली आणि ऋणनिर्देशाचं पान काढलं. त्यात मार्गदर्शक होते, ग्रंथपाल होते, टंकलेखक, बायको, ग्रंथालयाचा शिपाई होता, आणि एकवीस व्यापारी दुकानांच्या नावांसकट होते. वहीच्या नोंदींवरून फिरवावं तसं त्याने बोट ओळीओळीवरून खाली नेलं. तळाला पोचल्यावर तो पुन्हा वर गेला, आणि पुन्हा सावकाश खाली आला. त्याचं नाव मी मसुद्यात दोनदा लिहिलं होतं आणि दोनदा खोडलं होतं. ते ठेवलं असतं तर परीक्षकांनी विचारलं असतं, हा कोण?

"चांगलं झालं जी," तो म्हणाला. "कागद भारी आहे." आणि त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

मला फार लाज वाटली. ती मी तशीच घेऊन आलो, आणि पुढे त्या गल्लीत सायकल नेली नाही.

तेरजेवरचं लेक्चर मात्र सुरूच राहिलं. ऐंशी सालानंतरच्या एका वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, लिहायचाच राहून गेलेला व्यवहार मग सापडतो कसा?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. "ज्याची नोंद राहिली, तो माणूस येऊन तक्रार करतो तेव्हा."

"आणि त्यानं केलीच नाही तर?"

मी घड्याळ पाहिलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती. मी वर्ग सोडून दिला.