बारा पस्तीसचं लग्न

शेवटच्या मंगलाष्टकाला अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि मला कार्यालयाच्या दारात माझा भाऊ दिसला. एका हाताने त्याने आईला धरलं होतं, काखेत पिशवी होती. पिशवीत माझ्या मुलीची पिवळी साडी होती. मामाची साडी नेसून नवरीने गौरीहराला बसायचं आणि मामानेच तिला बोहल्यावर आणायचं, ही आमची रीत. मुलगी दुकानातली साडी नेसून बसली होती. तिला बोहल्यावर आणलं माझ्या एका चुलत भावाने, ज्याला तिचं नाव धड माहीत नव्हतं.

भाऊ दारातच थांबला. आत यायला कोणी अडवलं नव्हतं, पण तो आला नाही.

आमचा फुलांचा मळा नाशिकला लागून, मखमलाबादच्या बाजूला. नव्वदच्या पुढची सालं ती. त्या पाडव्याला आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष निवडून आले. सातवी शिकलेला माणूस, पण चार दिवस बसून भाषण लिहिलं. वर्षभरात काय करणार ते कागदावरून वाचून दाखवलं. खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहाचा पाया घालायचा, हे पहिलं. लग्नातले आहेर बंद, हे दुसरं. आणि तिसरं, पत्रिकेत छापलेल्या वेळेलाच लग्न लावायचं. नवरा-नवरी सोडून कोणासाठी थांबायचं नाही. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या.

ठराव चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते. आमच्याकडे पत्रिकेत बारा पस्तीस छापायचे आणि लग्न लागायचं तीनला. पोरं भुकेने रडायची, म्हाताऱ्यांना चक्कर यायची.

मालकांनी तो पाळलाही. वैशाखात प्रत्येक लग्नाला जाऊन माईकशेजारी उभे राहायचे. एका लग्नात नवऱ्या मुलाचा आजा लघवीला गेला, तो परत येईपर्यंत माळा पडल्या होत्या. माझ्या चुलत जावेच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा तिच्या बहिणीची माणसं घोटीहून यायची होती. जाऊ सगळ्यांसमोर रडली. हे थांबले नाहीत. जेवणाच्या पंगतीत ती मला म्हणाली, "तुझ्या पोरीच्या लग्नाला मी घड्याळ बांधून येईन."

आली ती. नवऱ्याचं मोठं घड्याळ मनगटात घालून आली आणि पुढच्या रांगेत बसली.

माझा भाऊ दिंडोरीच्या पुढचा, द्राक्षवाला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढलेला. आईला घेऊन सकाळीच जीपने निघतो असा निरोप होता. बारा वाजले, सव्वाबारा वाजले, त्याचा पत्ता नाही. तेव्हा मोबाइल नव्हते. माईकवरून पुकारा झाला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. तीनदा झाला. जाऊ शेजारच्या बायकांना घड्याळ दाखवत होती. "आता बघू, अध्यक्षांच्या घरचं घड्याळ बंद पडतं का ते," म्हणाली. बायका हसल्या.

मालक बोहल्यावरून उतरून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "थांबू दहा-पंधरा मिनिटं. मामा आहे तो."

मी जावेकडे बघितलं. म्हटलं, "नको. लावून घ्या."

ते मी म्हटलं. त्यांनी नाही.

भाऊ उशिरा आला तो आईमुळे. जीपमध्ये तिला उलट्या लागल्या, दोनदा झाडाखाली निजवावं लागलं. दहा-पंधरा मिनिटांचाच उशीर झाला होता. मी दाराशी गेले तर आई पुन्हा पुन्हा सांगत होती, माझ्यापायी झालं, माझ्यापायी झालं. भावाने पिशवी माझ्या हातात दिली.

"मामा मिळाला ना आक्का तुमाला? मंग झालं."

मला तो लहानपणापासून अगं म्हणायचा. त्या दिवशी तुमाला म्हणाला. पाणी प्यायला नाही. आईला घेऊन आल्या पावली परत गेला. मुलगी बोहल्यावरून बघत होती, पण तिला खाली उतरता येईना.

सगळा राग त्याने मालकांवर धरला. दाजींना खुर्ची चढली, असं गावभर सांगत सुटला. मी यांना म्हटलं, मी जाते आणि खरं काय ते सांगते. हे म्हणाले, "माझ्यावर राग असू दे. तुझ्यावर धरला तर तुझं माहेर तुटेल." मी ऐकलं. ऐकणं मला सोयीचं होतं.

मालक दोनदा दिंडोरीला जाऊन त्याची माफी मागून आले. त्याने चहा दिला आणि बागेत निघून गेला. त्या भाऊबीजेला तो आला नाही. पुढेही कधी आला नाही. माहेर तुटायचं ते तुटलंच. आई गेली तेव्हा आम्ही दोघं भावंडं एका घोंगडीवर बसलो होतो, पण विधीपुरतंच बोललो.

वर्ष संपल्यावर मालकांनी अध्यक्षपद पुन्हा घेतलं नाही. वसतिगृह झालं, पोरं राहतात तिथे. आहेर सुरूच राहिले. लग्नं परत तीनला लागायला लागली. माझी ती जाऊ पुढे माझ्याशी चांगली वागली. तिची चूक नव्हती.

दोन हजारच्या पुढे मालक गेले. भाऊ अमरधामला आला, मागे उभा राहिला आणि निघून गेला. त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नंतर दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या दिवसांत तो बागेतच पडला आणि उठला नाही.

दशक्रिया झाल्यावर मी मागे राहिले. भावजय तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, काय म्हटलं होतं आणि कोणी म्हटलं होतं. तिचा हात थांबला नाही.

"वन्सं, आता कोणाला सांगता? दाजी शिव्या खाऊन गेले, हे देऊन गेले."

मग तिने सूप माझ्याकडे सरकवलं आणि दुसरं घेतलं. आम्ही तांदूळ निवडले.

आई नाही, मालक नाहीत, भाऊ नाही. लेक आहे, भावजय आहे आणि मी आहे.