नानांचा व्यायाम आणि मध्येच मान टाकणारा कॉम्प्युटर

मागच्या आठवड्यात आमच्या मार्गासनी गावच्या घरात एका जुन्या कॉम्प्युटरने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता...

त्याचं असं झालं, की माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, काही आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, रोज व्यायाम झालाच पाहिजे. रोज पुण्याला नेणं काही जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी नानांसाठी मुद्दाम एक व्हिडिओ करून दिला.

मोबाईलवर नानांना नीट दिसत नाही. मग दिरांनी पुण्याला जाताना इथेच टाकून दिलेला कॉम्प्युटर मी बाहेर काढला. टेबल अरुंद, त्यामुळे सीपीयू आडवाच झोपवला.

आणि आमचे नाना म्हणजे काय सांगू! घरच्यांनी कितीही सांगा, ढिम्म हलत नाहीत. पण स्क्रीनवरून मॅडम "काका, उचला बरं हात" म्हणाल्या, की मुकाट्याने कामाला लागतात.

तर हाच व्हिडिओ मध्येच बंद पडायला लागला. आधी चित्र अडकायचं, मग स्क्रीन काळी. नाना डाव्या हाताने उजवा हात धरून तसेच थांबायचे... आणि मग चिडून "ऱ्हाऊ द्या, काय उपेग न्हाई" म्हणत आडवे व्हायचे. व्यायाम सुटला.

दिरांनी फोनवरून सांगितलं ते सगळं केलं. दुसरा प्लेअर टाकला, व्हिडिओ पुन्हा कॉपी केला, नको त्या फाइली उडवल्या. फोटो दिसायचे, गाणी वाजायची, पण व्हिडिओ म्हटलं की हा मान टाकायचा. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी त्याला चक्क एक चापट मारली... तर हाताला चटका बसला! सीपीयू तव्यासारखा तापला होता आणि पंख्याचा आवाजच नव्हता.

वायर काढली, गार होऊ दिला, स्क्रू खोलले. आत काय निघावं? झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे, पंख्याच्या पात्यांत गच्च अडकलेले. आडवा ठेवल्यामुळे वर आलेल्या जाळीतून थेट आत पडले होते. पंखा फिरत नव्हता आणि व्हिडिओचा ताण आला की मशीन तापून बंद.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. नाना ज्याचं ऐकतात, त्या कॉम्प्युटरला त्या रोज देवपूजा झाली की फूल आणि अक्षता वाहायच्या. मी रोज बघत होते, पण माझ्याही डोक्यात आलं नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"माज्यामुळं ह्यांचा हात आडला व्हय गं?"

"न्हाई ओ आई, धूळ बी लई हुती," मी म्हणाले. धूळ होतीच... नुसती धूळच नव्हती, इतकंच. उद्यापासून फूल स्क्रीनपुढे ठेवा, एवढं मात्र सांगितलं.

ब्रशने सगळं साफ केलं, बटण दाबलं आणि पंखा घरघरला. हुश्श! नानांना कसंबसं उठवून खुर्चीत बसवलं आणि व्हिडिओ लावला. अडखळला नाही, थांबला नाही, थेट शेवटपर्यंत चालला.

शेवटी मॅडम हात जोडून म्हणतात, "शाब्बास काका, नमस्कार." नाना एरवी नुसता डावा हात कपाळाला लावायचे. त्या दिवशी डावा हात वर गेला आणि मागोमाग उजवाही मांडीवरून सुटला... थरथरत, वाकडातिकडा, पण छातीपर्यंत आला. आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आजून एकदा लाव गं."

मी लावला... आणि खरं सांगते, त्या पंख्याची घरघर मला इतकी गोड लागली, की तो रात्री झोपताना बंद करायचंसुद्धा जिवावर आलं.