खाज कापश्याला, ताप आम्हाला

सोलापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं कापश्याचा कान उलटा करून बघितला, पोटाची कातडी बोटानं ताणली आणि म्हणाला, "क्रॉनिक एक्झिमा. क्रॉनिक म्हणजे जुनाट. मुळासकट जाईल असं समजू नका. सांभाळावं लागेल."

सांभाळावं लागेल! म्हणणाऱ्याचं काय जातंय? म्या विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी पोरं सांभाळू, धंदा सांभाळू, का हे खाजरं ध्यान सांभाळू?" तो हसला. मला रडू येत होतं.

आम्ही तामलवाडीचे पिंजारी. लोकांच्या जुन्या गाद्यांतला कापूस पिंजून मोकळा करायचा आणि गाद्या पुन्हा भरून द्यायच्या, हा आमचा धंदा. राज्य निजामाचं, पण सरहद्द जवळ, म्हणून बैलगाडीनं सोलापूर गाठता आलं. कापश्या हे माझ्या सासऱ्यांचं, अब्बांचं कुत्रं. सासू गेल्यापासून अब्बा घरात कुणाशी धड बोलंनात. बोलायचे ते ह्याच्याशी. कुत्र्याचं तोंड लागलं की कपडे बदलल्याशिवाय नमाज न्हाय, म्हणून त्याचा मुक्काम ओसरीवर.

पहिल्यांदा शेपटीपाशी केस गेले. मग पोट, मग मांड्या. पांढरं म्हणून कापश्या नाव ठेवलं, तर अंगावर केस कमी आणि खपल्या जास्त. दिवसभर खरखर, खरखर. गावात जो तो हकीम. कुणी करंजाचं तेल सांगितलं, कुणी कडुलिंबाचं पाणी, कुणी तंबाखूचं. तंबाखूच्या पाण्यानं तर ते ओकलं आणि मान टाकून पडलं. तुमच्या जनावराला हे कधी करू नका, सांगून ठेवते.

मग एक दिवस पाटील दारात. "भाबी, गावात लोकांना खाज सुटलीय. तुमच्या कुत्र्याचीच लागण हाय ही. संक्रांतीपर्यंत बरं झालं तर ठीक, न्हायतर दांडकं घालायला लावतो."

अब्बांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला न्हाय. म्हणून हे सोलापूर.

खर्चाचं विचारू नका. सरहद्दीपलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा. आपला निजामाचा हाली रुपया दिला की बट्टा कापून घ्यायचे. तपासणी, मलम, गंधकाची पुडी, वर बैलांचा कडबा. पोरीच्या कानांत घालायला साठवलेलं सगळं कुत्र्याच्या कातडीला लागलं.

येताना जकातीच्या नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडलं. गंधक बघून त्याचे डोळेच फिरले. दिवस धामधुमीचे होते, गंधक म्हणजे दारूगोळाच वाटायचा.

"ये क्या है?"

"कुत्र्याचं औषध."

"कुत्ते कू इत्ता महँगा दवा? झूट!"

तेवढ्यात कापश्या त्याच्या पायापाशी बसला आणि सगळं अंग खाजवायला लागला. शिपाई चटकन मागं सरला. "जाव, जाव!" जन्मात पहिल्यांदा ती खाज आमच्या कामाला आली.

घरी रोज सकाळी त्याला अंघोळ घालायची, मग करडईच्या तेलात गंधक कालवून चोळायचं, मग माझी अंघोळ. मी अंघोळीला गेले की हे ध्यान आत पळायचं आणि पिंजलेल्या ढिगात लोळायचं. तेलाला कापूस चिकटून ओसरीवर मेंढरू उभं राहिल्यासारखं दिसायचं. आमचे हे पोट धरून हसायचे. ज्यांचा कापूस पिवळा झाला ते हसत नव्हते. त्यांना आम्हीच भरून दिला. आणि गुण? दिवसा बरं वाटायचं, सकाळी उठून बघावं तर पुन्हा रक्त. माझ्या नाकी नऊ आले.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा पुन्हा गाडी जुंपली. दवाखान्यात म्हशीवाले, टांगेवाले, सगळ्यांच्या मागं आमचा नंबर. लोक कापश्याकडं बघून लांब सरकून बसायचे. या वेळी डॉक्टरनं पोटाखालचं कायतरी चिमटीत धरलं. करडा, मळका कापूस.

"हा झोपतो कुठं?"

अब्बा ताठ झाले. "गादीवर. पिंजाऱ्याचं कुत्रं हाय, जमिनीवर झोपंल व्हय? म्या सोत्ता भरलीय."

"कापूस कुठला?"

"लोकांच्या गाद्यांतला, पिंजून उरलेला. आन खाज वाढली की काढून दुसरा भरतो. मऊ लागावं म्हणून."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "बाबा, अहो गावातल्या एकेका गादीतली धूळ, पिसवा, ढेकूण तुम्ही ह्याच्या अंगाखाली घालताय!"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आम्ही वरनं कातडी चोळत बसलो आणि आजार खाली अंथरलेला. मला इतका राग आला की गाडीत मी तोंड फिरवून बसले. कापश्या अब्बांच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता. त्याच्या कानामागं बोट फिरवत अब्बा म्हणाले, "बेटी, म्याच केलं व्हय गं हे?"

आता काय सांगायचं? व्हय म्हणलं तर म्हातारा खचतो, न्हाय म्हणलं तर कुत्रं मरतं. "गप बसा, ऊन लागंल," म्हणलं आणि पदर त्यांच्या डोक्यावर धरला.

संक्रांतीला पाटील आले. त्यांच्याच घरची गादी पिंजायला आलेली होती. ती म्या ओट्यावर आणली आणि त्यांच्यापुढं शिवण उसवली. ढेकूण चहूकडं पळाले.

"पाटील, कुत्र्यानं गावाला खाज दिली न्हाय. तुम्ही समद्यांनी मिळून कुत्र्याला दिली. दांडकं घालायचंच असंल तर ह्या गादीवर घाला."

पाटील गादीकडं बघत उभे राहिले आणि नकळत खांदा खाजवायला लागले. मग म्हणाले, "उन्हात टाका ती," आणि गेले. दांडक्याचं नाव पुन्हा निघालं न्हाय.

कापश्याची गादी अब्बांनी स्वतः उचलून जाळली. कापश्या रिकाम्या जागेभोवती फिरला, हुंगला आणि नुसत्या जमिनीवर पडला. तर अब्बांनी आपलीही गादी गुंडाळली आणि त्याच्याशेजारी आडवे झाले. म्हणे, "त्याची काढून घेतली, आन मी कसा गादीवर लोळू?" म्या कपाळ बडवून घेतलं. व्हायचं तेच झालं, अब्बांची कंबर धरली.

आता एक न्हाय, दोन रोगी. सकाळी कुत्र्याला गंधक, मग अब्बांच्या कंबरेला तिळाचं तेल. केस बरेचसे आले, पण खाज पुरती गेली न्हाय. पावसाळ्यात उसळतेच, आणि खर्चही उसळतो. तुमच्याकडं असं जनावर असलं तर औषधाआधी त्याचं अंथरूण बघा, एवढंच सांगते. त्या डॉक्टरचं अल्ला भलं करो, त्यानं कातडी सोडून झोपायची जागा विचारली.

खरखर ऐकू आली की मी अजून चिडते. "बास की रे मेल्या!" म्हणून आतनं ओरडते. पण कधी ओसरी लई वेळ गप्प राहिली, की हातातलं पिंजण खाली ठेवते आणि बाहेर जाऊन बघते, दोघं हायत ना.